दोरीला हात लावला त्याचा वाटा

रामकृष्ण हरी, मंडळी! बसा, बसा. मागच्या बाया, अशा पुढं या. पुढं बसलं म्हणून कीर्तनात कुणी फळ्यावर गणित सोडवायला बोलावत नाही! हां, आणि एक विनंती आधीच करून ठेवते. माझ्या डाव्या हाताला जी मंडळी बसलीत, त्यांना काही विचारायचं झालं तर हात वर करा. नुसतं बोलू नका. माझी एक खोड आहे ती, कारण पुढं कळेल. आमच्या पेटीवाल्या काकांची अकरा वर्षं हीच तक्रार – ताई मला कधी डावीकडे बसूच देत नाहीत! काका, आज सांगते सगळं. तोवर सूर धरा.

तर ऐका. पहिला प्रश्न. पोर बिघडलं, तर चूक कुणाची?

बोला! लाजू नका!

'शाळेची!' – हे कोण बोललं? बरोबर, पालक आहेत. आणि त्या खांबामागून हळूच 'घरची' म्हणाले, ते मास्तर दिसतात. कसं ओळखलं? अहो, खिशाला लाल पेन आहे! देवळात येतानासुद्धा ते घरी ठेवून येववत नाही त्यांना. माझं कीर्तन तपासणार असतील!

हसा. पण मी दुपारी तुमच्या शाळेपाशी गेले होते. दारातल्या फळ्यावर लिहिलंय – शनिवारी चार वाजता पालकसभा. तिथल्या बाईंना विचारलं, किती जण येतात? बाई म्हणाल्या, 'ताई, मागच्या वेळी दोघे आले होते. त्यातला एक पाणी प्यायला आला होता.'

आता का हसत नाही?

अहो, प्रत्यक्ष भगवान श्रीकृष्ण! नंदाच्या घरी वाढला आणि सांदीपनींच्या घरी शिकला. देवालासुद्धा दोन घरं लागली! आणि आपण? पोराला फाटकाशी सोडलं, दप्तर पाठीला लावलं, आणि मोटारसायकलला किक! झालं आपलं कर्तव्य!

बरं, रागावत नाही. रागावण्यासारखी मी कोण? गोष्ट सांगते.

तुम्ही घाटावरची माणसं. समुद्र तुम्ही सहलीत पाहिलेला – पँट गुडघ्यापर्यंत दुमडून! म्हणून आधी सांगावं लागेल रापण म्हणजे काय. मालवणच्या किनाऱ्याला माडवणे म्हणून एक लहान गाव. तिथं मोठं जाळं टाकून मासे धरतात, ते किनाऱ्यावरूनच. जाळ्याच्या दोरीचं एक टोक वाळूवर माणसांच्या हातात. होडी ते जाळं घेऊन समुद्रात जाते, मोठा वळसा घालते आणि दुसरं टोक लांब पलीकडे वाळूवर आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात. तीस इकडे, तीस तिकडे. बाया, म्हातारे, पोरं, सगळी! समुद्राकडे तोंड करायचं आणि मागं मागं सरत ओढायचं – वडा रे वडाऽऽ! म्हणा बरं! वडा रे वडाऽऽ!

वा! मासळी न खाणारेच जोरात ओरडले!

या रापणीचे दोन नियम. पहिला – दोन्ही दोऱ्या सारख्या वेगानं ओढायच्या. एक पुढं, एक मागं झाली, की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. म्हणून मधे उभा असतो तांडेल, म्हणजे म्होरक्या. तो ओरडून सांगतो – इकडची ढील द्या, तिकडची ओढा. आणि दुसरा नियम फार गोड आहे. दोरीला ज्यानं हात लावला, त्याला वाटा. वाटेनं चाललेला परका माणूस का असेना! हात लावला ना? मग वाळूवर त्याच्या नावाचा ढीग पडणार म्हणजे पडणार.

या गावात बाबली कुबल म्हणून एक रापणकर. उजवीकडच्या दोरीवरचा पहिला गडी. बायको द्वारका. आणि त्यांची मुलगी शेवंती, सातवीत, बारा वर्षांची. गळा गोड, पाठांतर पक्कं, पण एक दुखणं होतं. कधी हाकेला ओ द्यायची, कधी द्यायचीच नाही.

शाळेत गुरुजी होते. घाटावरचे, तुमच्यासारखंच बोलणारे. नाव नंतर सांगते. माणूस प्रामाणिक, घड्याळासारखा नेमका, आणि शिस्तीला कडक. शेवंतीची जागा समुद्राकडच्या खिडकीला लागून, उजव्या टोकाला. गुरुजी मधे टेबलापाशी उभे राहून विचारायचे, 'शेवंते, तीनशे छत्तीसला आठानं भाग.' ही आपली समोर बघत बसलेली. 'शेवंते!' नाहीच. मग गुरुजी तावातावानं हिच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे आणि तेच विचारायचे. ही चटकन – 'बेचाळीस!'

आता तुम्ही गुरुजी असता तर काय समजला असता? पोरगी नाटकी आहे. अंगावर आलं की बोलते, लांब गेलं की जुमानत नाही. त्यांनी वहीत लाल शाईनं लिहिलं – मुलगी उद्धट आहे. घरी शिस्त लावावी.

ही वही घरी नेली कुणी? शेवंतीनं. घरी वाचायला येत होतं कुणाला? शेवंतीलाच. काय करावं पोरीनं? दुसरं पोर असतं तर वाचलं असतं – 'मुलगी हुशार आहे, तिला लाडू द्यावेत!' हिनं नाही केलं तसं. चुलीपाशी उभं राहून जसंच्या तसं वाचलं. 'मुलगी उद्धट आहे. घरी शिस्त लावावी.' आणि वही मिटली.

द्वारका म्हणाली, 'बघलास? चार बुकां शिकली, तर आवशीक ओ देयना!' कारण घरीही तेच होतं ना. आई चुलीपासून हाक मारायची, ही अंगणात ढिम्म. आईबापांना वाटे, शाळेनं पोरगी चढवून ठेवली. गुरुजींना वाटे, घरानं सोडून दिली.

बाबलीनं निरोप दिला. 'गुरुजींका सांग, मारा म्हणान. हाडां आमची, मास तुमचा. आमी इचारूक येवचव नाय.' आणि हा निरोप शाळेत पोचवला कुणी? पुन्हा शेवंतीनं! मंडळी, गुन्हेगार तीच, आणि पोस्टमनही तीच! घर आणि शाळा, मधे पाचशे पावलं. पण दोन्हीकडची मोठी माणसं ती पाचशे पावलं चालली नाहीत. ती चालत होती बारा वर्षांची पोर, स्वतःचीच तक्रार हातात घेऊन.

बाबली वाईट बाप होता का? नाही हो! रापणीत वाढलेला माणूस. त्याला एकच ठाऊक, आपल्या दोरीवर आपण, दुसऱ्याच्या दोरीवर दुसरा, मधे लुडबूड करायची नाही. शाळा ही गुरुजींची दोरी. तिथं जाऊन विचारणं म्हणजे गुरुजींचा अपमान. इतका मान होता त्याच्या मनात! आणि गुरुजी? त्यांनी पालकसभा ठेवल्या होत्या की. दर शनिवारी सकाळी नऊला. नेमकी रापण ओढायची वेळ! कुणी येईना. गुरुजींनी वहीत शेरा लिहिला – पालक उदासीन. कुणालाच ठाऊक नाही की समोरचा तेव्हा कुठं आहे आणि काय ओढतोय!

आणि त्या पोरीला काय वाटत होतं? तिलाही कळत नव्हतं, आपण कधी उद्धट होतो ते. तिनं मनाशी ठरवलं होतं, आपल्यात काहीतरी वाईट आहे आणि ते आपोआप बाहेर येतं. बारा वर्षांच्या पोरीनं स्वतःबद्दल हे ठरवलं होतं, मंडळी.

मग एके दिवशी गुरुजींनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. घरी निरोप गेला. बाबलीनं मारलं. आणि सांगून टाकलं, 'शाळा बंद! फुडल्या सोमवारी आत्येकडे वेंगुर्ल्याक धाडतंय. थय सुकी मासळी निवडीत बसात.' पोर रडली नाही. दप्तर कोनाड्यात ठेवलं आणि त्यावर फडकं झाकलं. संपलं शिक्षण!

तीन दिवस खिडकीजवळची जागा रिकामी. गुरुजी माझ्यापाशी पुढं कबूल करायचे, पहिल्या दिवशी बरं वाटलं. वर्ग शांत! दुसऱ्या दिवशी करमेना. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, पुन्हा एकही पालक आला नाही, तसे उठले. रिकाम्या सभेला कुलूप लावलं आणि तरातरा किनाऱ्यावर गेले. चार वर्षं त्या गावात होते, पण रापणीच्या वेळी पहिल्यांदा!

रापण भरात आलेली. 'बाबलीभाऊ, लेकरू तीन दिवस झालं शाळंला न्हाई!' बाबली दोरी न सोडता म्हणाला, 'गुरुजीनू, आता बोलाक वेळ नाय.' आणि दोरीवर कोण होतं? बापाच्या मागं शेवंती. तिच्या मागं दोन माणसांची जागा मोकळी. गुरुजींनी क्षणभर पाहिलं. चपला काढल्या, धोतर खोचलं आणि धरली दोरी!

आता शिस्तीचा माणूस! हाती घेतलं की पहिला नंबर पाहिजे! असे ओढायला लागले – धाड, धाड, धाड! अहो, तुमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीचा जोर तो! त्यांच्यामुळे अख्खी उजवी दोरी चेकाळली. डावी राहिली मागं. जाळं झालं तिरकं, आणि मासे लागले उड्या मारून बाहेर पडायला. चांदीसारखे! बुधा तांडेल, सत्तरीचा म्हातारा, मधून ओरडला, 'गुरुजीनू, ही शाळा न्हय! तकडची दोरी मागे आसा, तुमी फुडे कित्याक धावतास? सोडाऽ! ढील देवाऽऽ!'

सगळ्यांनी दोरी सैल सोडली. बाबलीनं सोडली. गुरुजींनी दचकून सोडली. शेवंतीनं नाही सोडली. दोरी सर्रकन तिच्या मुठीतून गेली आणि तळहाताची साल काढून गेली.

बाबली भडकला. 'सगळो किनारो बोंब मारता, तरी आयकणा नाय! मुद्दाम करता! डाव्या दोरयेर ठेवलंय तर एका हाकेर आयकता, माज्या दोरयेर इली की भैरी!' आणि हात उगारला.

तो हात गुरुजींनी वरच्यावर धरला. का? कारण ते तिच्या मागंच उभे होते. त्यांनी पाहिलं होतं. तांडेल ओरडला तेव्हा किनाऱ्यावरच्या साठ माणसांनी मान वळवली होती. कुत्र्यानंसुद्धा! या एका पोरीची मान हलली नव्हती. नाटक करणाऱ्याची मान थोडी तरी हलते हो. वर्गात ते नेहमी समोरून बघायचे, रागानं. आज पहिल्यांदा मागून बघितलं.

'बाबलीभाऊ, थांबा. शाळंत बी आसंच हाय. टेबलापासून विचारलं तर गप. खिडकीशी गेलं की बोलतंय.'

एवढ्यात द्वारका टोपली टाकून धावत आली. पोरीचा हात पदरात घेतला आणि सुरू झाली. 'तुमी दिवसाचा सांगतास, गुरुजीनू! ह्या झोपेत पण तसाच! उजव्या कुशीर झोपला तर कानाशी ढोल वाजवा, उठाचा नाय. डाव्या कुशीर आसला तर मांजर गेला तरी उठान बसता!'

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं, मंडळी! झोपेतही उद्धट आहे म्हणून! पण गुरुजी तिथंच थांबले. उजवी दोरी, डावी दोरी. टेबल, खिडकी. उजवी कूस, डावी कूस. तीन माणसांकडे तीन तुकडे होते. चार वर्षं प्रत्येकानं आपापला तुकडा त्या पोरीच्या डोक्यात मारला. एकत्र कुणी ठेवलेच नव्हते.

गुरुजी शेवंतीच्या मागं गेले. डाव्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, 'शेवंते, शाळंला यायचं का?' ती आईकडे बघत उभी. मग उजव्या बाजूला गेले. तेच, तितकंच हळू. 'शेवंते, शाळंला यायचं का?'

आणि ती वळली... आता किती वेळ ती-ती करू? मी वळले, मंडळी. म्हटलं, 'होय, गुरुजी.'

काका, कळलं का, तुम्हाला डावीकडे का बसवत नाही ते?

अहो, मला वाटायचं सगळ्यांनाच एका बाजूनं ऐकू येतं! देवानं एक कान ऐकायला दिलाय आणि एक कशाला तरी. मी कुणाला काय सांगणार? पुढं तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईला आठवलं, तिसऱ्या वर्षी मला गालगुंड झालं होतं. त्यात हा डावा कान गेला. परत यायचा नाही म्हणाले. दुसरा जपा.

पण ते पुढं. त्या क्षणी किनाऱ्यावर माझा बाप मटकन वाळूत बसला. 'आयकाक येत नव्हता आणि मी मारलंय, गुरुजीनू. हाताच्या खुणा आसत तिच्या पाठीर.' गुरुजी म्हणाले, 'मी उन्हात उभी केली की ओ.' दोन मोठे बाप्ये, एक घरच्या दोरीचा, एक शाळेच्या. दोघांच्या डोळ्यांना पाणी. आणि मला काय वाटलं सांगू? हाताची आग होत होती, तरी मला हसू येत होतं. मी उद्धट नव्हते! मी वाईट नव्हते! माझा फक्त कान गेला होता!

आता वाटे पडले. अर्धी मासळी गुरुजींनी पळवून लावलेली, तरी वाटे पडले. बुधा तांडेलानं एक ढीग गुरुजींपुढं सारला. बांगडे आणि तारल्या. आणि गुरुजी? माळकरी नव्हते, पण घराणं शुद्ध शाकाहारी! नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागं सरले. 'न्हाई न्हाई! मला नको! मी खात न्हाई ओ!'

सगळ्यांचे हात आपापल्या ढिगावरच थांबले. कारण आमच्याकडे वाटा नाकारणं म्हणजे साधं नाही. तांडेल म्हणाला, 'वाटो नको, म्हणजे दोरी तुमची न्हय.'

गुरुजींनी नाकाला लावलेला रुमाल काढला. तोच वाळूवर पसरला, दोन्ही हातांनी ढीग त्यात भरला, आणि मासळीचं पाणी धोतरावर गळत असताना माझ्या बापापाशी आले. 'बाबलीभाऊ, माझा वाटा तुमच्या घरी शिजू द्या. मी घेतला बघा. आता माझ्या दोरीला तुमी हात लावायचा. शाळंत यायचं.'

बाप म्हणाला, 'शाळेत आमचो काय वाटो?'

'हाय की. हे लेकरू तुमच्यापाशी दिसतंय तेवढं मला दिसत न्हाई. तेवढं सांगायला या.'

सोमवारी मी वेंगुर्ल्याला गेले नाही. आईबाप दोघं शाळेत आले. बाप दाराबाहेर चपला काढून उभा, आत यायला धजेना. शेवटी आत आला आणि काय केलं असेल? वर्गात उभा राहून वारा बघितला! म्हणाला, 'गुरुजीनू, खिडकीतसून समुद्राची गाज येता. जो कान जितो आसा, तेतच ती गाज भरता. चेडवाक थयसून काडा. मेलेलो कान भिंतीक देवा, जितो कान तुमका देवा.' गुरुजींनी मला डाव्या टोकाला, भिंतीशी बसवलं. चार वर्षं शिकवणाऱ्याला जे सुचलं नाही, ते सही न येणाऱ्या माणसाला एका वाऱ्यात कळलं!

आणि पालकसभा? नऊची चारला गेली. जाळी वाळवून शिवायला घ्यायची ती वेळ. शाळेच्या ओसरीवर जाळी पसरून बाप्ये शिवत बसायचे, बाया मासळीच्या टोपल्या शेजारी ठेवायच्या, आणि सभा चालायची. शाळेला वास यायचा म्हणता? यायचा! पण त्या वर्षी सातवीतली एकही पोर गळली नाही. त्यातलीच ही एक तुमच्यासमोर उभी आहे.

आता नाव सांगायचं राहिलंय. गुरुजींची बदली झाली, पत्ता हरवला, सव्वीस वर्षं गेली. तुमच्या पंचांचं पत्र आलं तेव्हा गावाचं नाव वाचलं, आणि मी तारीखसुद्धा न विचारता हो म्हणाले. कारण हे गाव त्यांच्या तोंडी असायचं. व्यंकटराव बिराजदार गुरुजी! हे बघा की, त्या पलीकडच्या खांबाला टेकून बसलेत. पांढरी टोपी, मांडीवर काठी. तुम्ही सगळे वळून बघताय, आणि ते मात्र समोर बघून हसतायत. कारण शेजारी बसलेल्या त्यांच्या सूनबाई म्हणतात, गुरुजींचे कान गेलेत. आज मी एवढा वेळ त्यांचीच गोष्ट सांगितली, आणि त्यांना त्यातलं अक्षर ऐकू आलेलं नाही.

थांबा. मी खाली येते. वाट द्या जरा.

सूनबाई, कुठल्या बाजूनं बोलता तुम्ही यांच्याशी? उजवीकडून? बघू. गुरुजीऽ! ... नाही. हूं नाही की चूं नाही. आता इकडे बसते, डावीकडे. गुरुजीऽऽ! मी शेवंती! माडवण्याची!

वळले! मंडळी, वळले! सूनबाई, रडू नका. आमच्या घरी तरी कुठं ठाऊक होतं? डावीकडून बोलायचं, एवढंच.

गुरुजी, हा नारळ. किनाऱ्यावरचा आहे. तुमचा वाटा. हो, हो, शाकाहारी आहे!

काय म्हणाले, ऐकलंत? तुम्हाला नाही ऐकू आलं. सांगते. माझा हात हातात घेतला, उलटा करून तळवा बघितला, आणि म्हणाले, 'बरा झाला का गं?'

... काका, सूर धरा. मला जरा वेळ लागेल.

तर बोला आता, मंडळी. तुमच्या पोराची ऐकू येणारी बाजू कुठली? त्यातलं थोडं तुम्हाला ठाऊक आहे, थोडं त्या लाल पेनवाल्या मास्तरांना. शनिवारी चार वाजता मी शाळेच्या ओसरीवर बसणार आहे, गुरुजींच्या डाव्या बाजूला. कोण कोण येतंय? डावीकडच्यांनो, नुसतं हो म्हणू नका. हात वर करा.